हाल्वारचं शेवटचं प्रकरण

लाकी भर हिवाळ्यात रॉकेल आणायला निघाला, त्याला कारण ते पुस्तकच.

एरवी हाम्राकोटच्या घरात हिवाळ्याची बेगमी म्हणून भरलेलं रॉकेल नाताळ उलटून चांगलं पुरायचं. त्या वर्षी नाताळ यायच्या आतच डब्याचा तळ दिसायला लागला. आमच्या आइसलँडच्या उत्तरेकडे हिवाळ्यातला दिवस नावालाच असतो. दुपारची भांडी विसळून होतात न होतात तोच अंधार पडतो. मग सगळं घर वरच्या निजायच्या खोलीत जमतं. ज्याच्या त्याच्या बिछान्यावर बसून कुणी लोकर पिंजतं, कुणी मोजे विणतं, आणि एकजण दिव्याशी बसून मोठ्यानं वाचतं. वाचून झालं की प्रत्येकानं वाचणाऱ्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "वाचलंस, देव तुझं भलं करो." पुस्तक कितीही रटाळ असो, हे म्हटल्याशिवाय कुणी अंथरुणाला पाठ टेकत नाही.

आणि हे पुस्तक रटाळ होतं, खोटं कशाला बोलू? तीन जाडजूड भाग, मुंगीएवढी अक्षरं, जागोजागी डॅनिश शब्द पेरलेले. लिहिणारा कुणी पाद्री होता आणि तो मरूनही जमाना झाला होता. गोष्ट होती हाल्वारची. दोनशे वर्षांपूर्वी याच मुलखात त्याला कायद्यानं वाळीत टाकलं. त्याला कुणी भाकरी द्यायची नाही, कुणी छपराखाली घ्यायचं नाही, आणि कुणी जिवानिशी मारलं तरी मारणाऱ्याला शिक्षा नाही. वीस हिवाळे तो वरच्या लाव्हाच्या कपारींत लपून जगला. मारामाऱ्या, पाठलाग, पुरातून पोहून जाणं, दुसऱ्यांच्या मेंढ्या पळवणं, सगळं होतं त्यात. पण त्या पाद्रीबुवांना घाई म्हणून नव्हती. हाल्वार घोड्यावर बसणार असला, की आधी पंधरा पानं घोड्याच्या खानदानावर खर्ची पडायची.

"चढला का गं हाल्वार?" थुरा आत्या विणता विणता विचारायच्या. "की अजून घोड्याच्या पणजोबाचंच चाललंय?"

"पणजोबा झाले आत्या, आता आजोबा."

"मग घोडा जन्मला की उठव मला."

थुरा आत्या म्हणजे लाकीच्या वडिलांची बहीण. विधवा होऊन माहेरी आलेली, आणि जिभेला हाड नसलेली. वाचायची ती ओड्नी, लाकीची बायको. किनाऱ्यावरच्या कोळ्याची पोर. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, मासे साफ करायला ठीक आहे, पण हाम्राकोटला हाल्वारचं पुस्तक आहे, ते हिला पेलणार नाही. ते तिच्या मनाला फार लागलं होतं. पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी तिनं पहिला भाग उघडला आणि मग मागे वळून पाहिलं नाही. एखादं पान समजलं नाही तर दोनदा वाचायची. तरीही नाही समजलं तर सगळे निजल्यावर एकटीच दिवा धरून तिसऱ्यांदा वाचायची. रॉकेल गेलं ते तिथे.

खरं सांगायचं तर त्या घरात हे पुस्तक कुणीच पुरं केलेलं नव्हतं. लाकीच्या आजोबांनी केलं नाही. लाकीचे वडील योरुंदुर यांनी तरुणपणी हातात घेतलं आणि शेवटच्या प्रकरणाशी येऊन मिटलं, ते कायमचं. का मिटलं, ते सांगत नसत. आता त्यांची दृष्टी गेली होती, सुगीपासून अंथरूण धरलं होतं, आणि एकच घोकणं चाललं होतं.

"ओड्नी, शेवटचं प्रकरण ऐकल्याबिगर मी मरत नाही बघ."

"मग मी सावकाश वाचते बाबा," ओड्नी म्हणायची. म्हातारा हसायचा आणि हसता हसता खोकायला लागायचा.

तर त्या सकाळी लाकी निघाला. पाठीवर दुसरा, रिकामा डबा बांधला, खिशात सुका मासा आणि लोण्याचा गोळा घेतला. माळ ओलांडला की खाडीकाठी दुकान. आभाळ स्वच्छ होतं, संध्याकाळच्या आत परत यायचं होतं.

"शेवटचं प्रकरण मी आल्याशिवाय सुरू करायचं नाही हं," तो दारात म्हणाला.

"वेळेवर ये मग. हाल्वार तुझ्यासाठी थांबणार नाही," ओड्नी म्हणाली आणि त्याच्या गळपट्ट्याची गाठ घट्ट केली.

दुपारी वारा फिरला. आधी दक्षिणेकडचा डोंगर दिसेनासा झाला, मग मेंढ्यांचा गोठा, मग अंगणातली दगडाची भिंत. ओड्नी मेंढ्यांना गवत टाकून परत येताना भिंतीला हात लावून लावून आली. अंधार पडला, वादळ काही थांबेना. मातीच्या ढेपांचं, गवत उगवलेल्या बुटक्या छपराचं घर ते, वारा आत शिरत नाही. पण छपरावरून कुणी जडशीळ गोणी ओढत न्यावी तसा आवाज सारखा येत राहतो. खोलीत ओल्या लोकरीचा, धुराचा आणि म्हाताऱ्या माणसाच्या अंगाचा वास दाटला होता. जिन्याजवळचा एक बिछाना रिकामा होता. सुगीला गडी काम सोडून गेला, तेव्हापासून त्यावर नुसतं गवत पसरलेलं होतं.

ओड्नीनं दिवा उचलून छपराच्या उतारातल्या खिडकीखाली ठेवला. एवढीशीच काच, पण अंगणातून दिसते.

"विझव तो," थुरा आत्या म्हणाल्या. "डब्यात चार थेंब उरलेत. वादळात लाकी निघालाच नसेल. दुकानदाराकडे कॉफी पीत बसला असेल."

"निघाला असेल तर?"

"मग देव त्याला बघेल."

"देवाला दिसायला तरी दिवा नको का?" ओड्नी म्हणाली. "जळू दे. मी वाचते. नुसती बसले तर वारा ऐकून मला वेड लागेल."

"लाकीनं थांबायला सांगितलं होतं."

"आल्यावर परत वाचेन. पहिल्यापासून."

तिनं तिसरा भाग काढला. थुरा आत्यांच्या सुया थांबल्या.

"ओड्नी, दुसरं काही वाच. प्रवचनं वाच. हे आज नको."

"वाच," योरुंदुर अंथरुणातून म्हणाले. "थुरा, तू गप्प बस."

"मी होते दादा तेव्हा! लहान होते, पण ऐकलं मी..."

"म्हणूनच म्हणतो, गप्प बस."

ओड्नीनं एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा आत्यांकडे. मग पान उघडलं आणि वाचायला लागली.

सुरुवातीला पाद्रीबुवांची नेहमीचीच तऱ्हा. कायद्याची कलमं, कोणत्या सभेत कोण काय म्हणालं, हाम्राकोटची जमीन कुणाकडून कुणाकडे आली. होय, हेच हाम्राकोट. ओड्नी दात आवळून वाचत होती. एका वाक्यात तर ती चारदा अडकली आणि चारदा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. छपरावर वारा घासत होता. ती आवाज चढवून वाचत राहिली.

मग कलमं संपली आणि वादळ सुरू झालं, पुस्तकातलं. विसाव्या हिवाळ्यात हाल्वारची कपार बर्फानं बुजली. अन्न संपलं. माणसांपासून वीस वर्षं लपलेला तो माणूस शेवटी माणसांकडे निघाला. माळ ओलांडून हाम्राकोटला आला. जबडा गारठून बंद झाला होता, ओठ दाढीच्या बर्फाला चिकटले होते, बोटं लाकडासारखी झाली होती. त्यानं दारावर हात आपटला. एकदाच. दुसऱ्यांदा हात उचलला गेला नाही.

आमच्याकडचं कुठलंही पोर सांगेल की जिवंत ख्रिस्ती माणूस दारावर तीनदा थाप मारतो, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. एकच थाप मेलेल्याची. आणि अंधार पडल्यावर तर जिवंत माणूस दार वाजवतच नाही. छपरावर चढतो, खिडकीशी तोंड नेतो आणि म्हणतो, "देव इथे असो." आतल्यांनी म्हणायचं, "देव तुझं रक्षण करो," आणि मग दार उघडायचं. मेलेल्याच्या तोंडून देवाचं नाव निघत नाही. ज्यानं नाव घेतलं नाही त्याला दार नाही.

हाल्वार रांगत छपरावर चढला. खिडकीला तोंड लावलं. आतले सगळे काचेकडे बघत बसले आणि शब्दांची वाट पाहत राहिले...

थाप पडली.

पुस्तकात नव्हे, खाली, घरातल्या बोळाच्या टोकाला, बाहेरच्या दारावर. जड, बोथट, एकच.

ओड्नीचं बोट ओळीवर तसंच राहिलं. ती दुसऱ्या थापेची वाट पाहत होती, मनातल्या मनात विनवत होती, आणखी एक, लाकी, आणखी दोन... पण दुसरी थाप आलीच नाही.

"एकच," थुरा आत्या पुटपुटल्या. "दादा... तेव्हाही एकच..."

मग छपरावर आवाज झाला. हा वाऱ्याचा नव्हता. काहीतरी गोठलेल्या गवतात नखं रुतवत, थांबत थांबत वर येत होतं. छपरातून मातीचे दोन बारीक खडे उघड्या पानावर पडले. ओड्नीनं मान वर केली. काचेबाहेरचा बर्फ बाजूला सरकला आणि काच काळी झाली. कुणीतरी बाहेरून तोंड टेकवलं होतं. दिव्याच्या उजेडात काचेवर वाफ धरायला हवी होती. ती धरली नाही.

"बोल!" थुरा आत्या किंचाळल्या. "देवाचं नाव घे!"

काचेमागून काही आलं नाही.

"तोच तो... तू बोलावलंस त्याला ओड्नी, वाचून वाचून बोलावलंस! मिट ते पुस्तक. दादांनी मिटलं तेव्हा गेला होता तो."

"गेला नाही," योरुंदुर म्हणाले. "थाप ऐकली आणि मी पुस्तक मिटलं. सकाळी दारात कुणी नव्हतं, पाऊलही उमटलेलं नव्हतं. पण गेला नाही तो. त्याला दारात उभा ठेवून मी म्हातारा झालो गं."

ओड्नी उठली. तिनं पुस्तक पालथं ठेवलं आणि दिवा उचलला. आत्यांनी तिचा हात धरला.

"खुळी आहेस का? आत आलेलं मढं परत बाहेर जात नाही!"

"आत्या, लाकी माळावर आहे."

"लाकी असता तर बोलला असता!"

"जबडा गारठला असेल तर कसा बोलेल? आत्ता काय वाचलं मी? घसा फोडून वाचलं ना? एक माणूस बोलता येईना म्हणून बाहेर गोठत राहिला, आणि आतले शब्दांची वाट बघत बसले!"

"आणि लाकी नसला तर?"

"नसला तर नसला. पण असला तर?"

आत्यांनी हात सोडला. ओड्नीनं खिडकीकडे पाहिलं. तिथला काळोख तसाच काचेला चिकटलेला होता. मग तिनं जे केलं ते आमच्याकडे आजवर कुणी केलेलं मी ऐकलं नाही. बाहेरच्याच्या वतीनं ती स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "देव इथे असो." आणि आतल्यांच्या वतीनं उत्तरही तिनंच दिलं, "देव तुझं रक्षण करो. जो कुणी असशील त्याचं."

ती जिना उतरली. बोळ लांब, बुटका आणि काळामिट्ट. दोन्हीकडे मातीच्या भिंती, पायाखाली ओल. दिव्याची ज्योत सारखी दबत होती. काळीज इतकं धडधडत होतं की दारापर्यंत पोचल्यावरही पुन्हा थाप पडली असती तर तिला ऐकू आली नसती. तिनं अडसर काढला, खांद्यानं जोर देऊन दार लोटलं.

बर्फाचा झोत आत आला आणि दिवा विझला. त्याबरोबर काहीतरी गार तिच्या अंगाला घासून गेलं. वारा, ती स्वतःला म्हणाली, वाराच. ती गुडघ्यांवर बसली आणि अंधारात चाचपत राहिली. हाताला आधी बर्फ लागला, मग गळपट्टा. गाठ तिनंच मारलेली होती.

"आत्या! आत्या, धावा! लाकी आहे!"

दोघींनी मिळून त्याला ओढत आणला. दातखीळ बसलेली, बोटं पांढरीफटक. रात्रभर त्या त्याचं अंग चोळत बसल्या, कोमट दूध थेंब थेंब दातांच्या फटीतून सोडत राहिल्या. सकाळी त्याच्या गालांवर रंग आला. तेव्हा थुरा आत्या रडल्या आणि ओड्नीला म्हणाल्या, "कोळ्याची पोर ती कोळ्याचीच पोर. ऐकायची नाहीस तू कुणाचं." एवढ्या मायेनं त्या घरात तिला कुणी शिवी दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकीला बोलता यायला लागलं. दोन्ही हात लोकरीत गुंडाळलेले होते. डबा माळावरच कुठेतरी पडला, म्हणाला. वाट सुटली होती. मग लांबवर एवढासा उजेड दिसला आणि त्या रोखानं तो आला.

"दारापर्यंत आलो आणि पडलो. मग काही हलेना."

"थाप मारलीस ना," ओड्नी म्हणाली. "एकच. ऐकली आम्ही."

"मी? छे. हात कुठे वर होत होता माझा?"

ओड्नीनं वर बोट केलं. "आणि छपरावर?"

"अगं, मला उठता येत नव्हतं. छपरावर कुठला चढतोय?" तो तिच्याकडे कुशीवर वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "पण तू दार उघडलंस ना ओड्नी... तेव्हा मला ओलांडून आत कोण गेलं?"

थुरा आत्या उठल्या, पुस्तकाचा तिसरा भाग उचलला आणि चुलीकडे निघाल्या. ओड्नीनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"एकच पान राहिलंय आत्या. हिवाळाभर डोळे फोडले मी. आता सोडत नाही."

संध्याकाळी तिनं डबा उपडा करून शेवटचे थेंब दिव्यात ओतले आणि बसली. थकलेला लाकी तिच्या शेजारीच निजला होता. त्या पानावर कलमं नव्हती, वंशावळी नव्हत्या. सकाळी हाम्राकोटच्या लोकांना तो छपरावर सापडला, तोंड काचेला गोठलेलं. त्याला चर्चच्या आवाराबाहेर पुरलं, प्रार्थना कुणी म्हटली नाही. शेवटचं वाक्य, त्या पाद्रीबुवांनी तिन्ही भागांत लिहिलेलं सगळ्यात छोटं, तिनं सावकाश वाचलं. "आणि हाम्राकोटचं दार त्याला उघडलं नाही."

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे आता खोटं आहे," ती म्हणाली. "उघडलं."

ज्योत दोनदा फडफडली आणि विझली. जळक्या वातीचा वास पसरला.

"वाचलंस, देव तुझं भलं करो," म्हातारा अंधारातून म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता. ओड्नीनं जाऊन त्याचा वाळका हात हातात घेतला. मग आत्यांनी तिचा हात दाबला, तेच शब्द म्हटले आणि कुरकुरत आपल्या अंथरुणाकडे गेल्या. लाकी घोरत होता. ओड्नी परत जागेवर येऊन बसली आणि चाचपून पुस्तक मिटलं.

तेव्हा आणखी एका हातानं तिचा हात धरला.

उघड्यावर राहिलेल्या लोखंडासारखा गार आणि कडक. बोटं वाकत नव्हती. तिच्या तोंडून किंकाळी निघणार होती, ती तिनं गिळली आणि हात ओढून घेतला नाही. ती शब्दांची वाट पाहत राहिली. शब्द आले नाहीत. आणि या घरात पूर्वी कुणीतरी अशीच वाट पाहत बसलं होतं, हे तिला आठवलं.

"वाचलं मी," ती कुजबुजली. "सगळं वाचलं. देव तुझं भलं करो."

हात हळूहळू सुटला. जिन्याजवळच्या रिकाम्या बिछान्यावरचं गवत चुरचुरलं, दमलेल्या माणसानं अंग टाकावं तसं, आणि मग गप्प झालं.

"लाकी," थुरा आत्या अंधारातून झोपाळू आवाजात म्हणाल्या, "तिकडे कुठे जाऊन निजलास रे?"

ओड्नीनं शेजारी हात नेला. लाकीची छाती संथपणे वरखाली होत होती.